बाजारातली माणसं आणि धुरंधरांची पेन्सिल

फेब्रुवारी-मार्चमध्ये कुरुंद्याच्या शिवारात हळदीची धांदल असते. जमिनीतून काढलेली हळद शिजवायची, उन्हात पसरायची, उलथीपालथी करायची, मग ढोलात घालून घासायची. मराठवाड्यात वसमत तालुक्यातल्या कितीतरी घरांचं वर्षाचं गणित या कामावर बसतं. विचारवंत नरहर कुरुंदकरांच्या आडनावातून या गावाचं नाव विचारांच्या जगात दूरवर गेलं. पण शंभर वर्षांपूर्वी या भागातल्या बाजाराला जाणारी बाई लुगडं कसं नेसे, हमाल डोईवर पोतं कसं तोलत असे, हे दाखवणारं एखादं चित्र आज कुणी दाखवू शकेल का?

मुंबईकरांना हा प्रश्न पडत नाही, कारण त्यांच्याकडे चित्रकार महादेव विश्वनाथ धुरंधर होते.

धुरंधरांचा जन्म १८ मार्च १८६७ रोजी कोल्हापुरात, पाठारे प्रभू कुटुंबात झाला. १८९० मध्ये ते मुंबईच्या सर जे. जे. कला विद्यालयात दाखल झाले, १८९६ मध्ये तिथेच शिक्षक झाले आणि पुढे संस्थेच्या संचालकपदाची जबाबदारी सांभाळण्यापर्यंत पोहोचले. ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ हे त्यांच्या आत्मचरित्राचं नावच सगळा हिशेब सांगतं. १८९५ मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटीचं सुवर्णपदक त्यांना मिळालं, ते ‘हॅव यू कम लक्ष्मी?’ या चित्राला. महालक्ष्म्या बसवणाऱ्या मराठवाड्यातल्या घरांना या नावाची ओळख करून द्यायला नको.

पुराणातले प्रसंग, शिवकाळातली दृश्यं, औंधच्या पंतप्रतिनिधींसाठी केलेली कामं, दिल्लीच्या सचिवालयातली चित्रं असा त्यांचा पसारा मोठा आहे. माझ्या मते मात्र खरे धुरंधर भेटतात ते छोट्या कागदांवर. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांची चित्रं पोस्टकार्डांवर छापली गेली. त्यांत मुंबईचा पोलीस आहे, कोळीण आहे, ठुमकत जाणारी मोलकरीण आहे. माणूस कुठे वाकला, पदर कुठे खोचला, कुणाची नजर कुणावर खिळली, हे ते चार रेषांत पकडतात. वर थोडी खोडीही काढतात. पाठ्यपुस्तकी चित्रकाराला जे सहसा साधत नाही ते इथे साधलं आहे: ही माणसं चित्रासाठी उभी राहिलेली वाटत नाहीत.

पुस्तकांसाठी त्यांनी काढलेल्या चित्रांची गोष्टही अशीच. ‘बाय-वेज ऑफ बॉम्बे’ लिहिणारे एस. एम. एडवर्ड्स हे मुंबईचे पोलीस आयुक्त. त्यांनी गल्लीबोळांतलं आयुष्य शब्दांत लिहिलं, तर १९१२ च्या आवृत्तीसाठी धुरंधरांनी ते डोळ्यांसमोर उभं केलं. किंकेड यांच्या ‘डेक्कन नर्सरी टेल्स’मध्ये (१९१४) आपल्या आजीच्या व्रतकहाण्या आहेत. ऑटो रॉथफेल्ड यांच्या ‘विमेन ऑफ इंडिया’मध्ये (१९२०) जातीजातींच्या, प्रांतोप्रांतींच्या स्त्रिया रंगांत उतरल्या आहेत. नेसण्याच्या तऱ्हा, दागिने, केसांची ठेवण यांचा अभ्यास करणाऱ्यांना हे पुस्तक आजही चाळावं लागतं.

आक्षेप आहेत, आणि ते खोटे नाहीत. ही पुस्तकं इंग्रज वाचकासाठी होती. ‘अमुक जातीची बाई अशी दिसते’ ही साहेबाची वर्गवारी त्यांत आहेच. पुढच्या पिढीतल्या आधुनिक चित्रकारांना धुरंधरांचं वास्तववादी वळण जुनाट वाटलं. पण वर्गवारीच्या चौकटीत बसवलेल्या बाईच्या चेहऱ्यावरही ते कंटाळा, मिश्किलपणा किंवा तोरा ठेवून देतात. नमुना दाखवता दाखवता माणूस निसटून जाऊ देत नाहीत.

साध्या माणसांचं चित्र ही मोठी कला मानली जावी, यासाठी युरोपातही झगडावं लागलं होतं. स्कॉटलंडच्या फाइफ परगण्यात १७८५ मध्ये जन्मलेला डेव्हिड विल्की हा धर्मोपदेशकाचा मुलगा. वयाच्या विशीच्या आत, १८०४ मध्ये, त्याने शेजारच्या पिटलेसी गावची जत्रा रंगवली. त्यात सुमारे १४० माणसं आहेत, आणि त्यांतले बरेच चेहरे ओळखीच्या गावकऱ्यांचे. चर्चमध्ये प्रार्थनेला बसलेल्यांचीही तो गुपचूप रेखाटनं करी. पुढे लंडनमध्ये त्याने आंधळा सारंगीवाला रंगवला, वर्तमानपत्रावरून वाद घालणारे खेडूत रंगवले. १८२२ मध्ये वॉटर्लूच्या विजयाची बातमी वाचणारे म्हातारे सैनिक त्याने रॉयल अकादमीत मांडले, तेव्हा गर्दी आवरायला चित्रापुढे कठडा लावावा लागला. त्या चित्रात लढाई दिसतच नाही. दिसते ती रस्त्यावर बातमी ऐकणारी माणसं. टिपू सुलतानाचा मृतदेह सापडल्याचा प्रसंगही याच विल्कीने १८३९ मध्ये रंगवला, पण त्याचं नाव टिकलं ते जत्रेवर आणि सारंगीवर. विल्की गेला १ जून १८४१ रोजी, धुरंधर १ जून १९४४ रोजी. हा निव्वळ योगायोग, पण लक्षात राहतो.

मग मराठवाडा अशा चित्रांतून सुटला कसा? एक उत्तर सरळ आहे. आपण निजामाच्या राज्यात होतो. छापखाने, प्रदर्शनं, चित्र विकत घेणारा वर्ग मुंबईत होता. गंमत अशी, की जे. जे. च्या मंडळींना मराठवाडा अनोळखी नव्हता. अजिंठा तेव्हा निजामाच्याच हद्दीत. १८७२ पासून जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन तिथल्या भित्तिचित्रांच्या नकला करत होते. त्यांतल्या बऱ्याच पुढे लंडनमध्ये १८८५ च्या आगीत जळाल्या. हेच ग्रिफिथ्स धुरंधरांचे गुरू. पण नकलांच्या त्या कामाचा विषय लेण्यांच्या भिंती हाच होता. पायथ्याच्या गावातली माणसं त्याच्या कक्षेबाहेर होती.

धुरंधरांची कन्या अंबिका हीदेखील जे. जे. मध्ये शिकून चित्रकार झाली. २०१८ मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात धुरंधरांच्या कामाचं मोठं प्रदर्शन भरलं. तेलरंगांइतकीच गर्दी त्यांच्या रेखाटनांनी आणि पोस्टकार्डांनी खेचावी, असं त्यांचं मोल आहे.

आता आपल्या शाळांकडे येऊ. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या शासकीय परीक्षांत स्मरणचित्राचा पेपर असतो. त्यात मुलं वर्षानुवर्षं तेच बसस्थानक, तोच पतंग, तोच फुगेवाला काढतात, कारण सरावाच्या पुस्तकात तेच छापलेलं असतं. कुरुंद्यातल्या, वसमतमधल्या चित्रकला शिक्षकांना एक विनंती: येत्या हंगामात एखादा तास वर्गाबाहेर घ्या. मुलांना वही-पेन्सिल देऊन हळदीच्या खळ्यावर, आठवडी बाजारात बसवा. परवानगी विचारून काम करणाऱ्यांची रेखाटनं करू द्या. प्रत्येक कागदावर तारीख आणि गावाचं नाव लिहून घ्या, आणि हे कागद परीक्षा झाल्यावर रद्दीत घालू नका. शाळेच्या कपाटात जपून ठेवा.