पासवर्ड आपण निवडायचा नाही

गेल्या दिवाळीत भिलाईला घरी गेले होते. चहा पिता पिता धाकट्या भावानं बाबांच्या ईमेलचा पासवर्ड ओळखला, तोही तिसऱ्या प्रयत्नात. आमचं जुनं क्वार्टर, म्हणजे सेक्टर, सडक आणि क्वार्टर नंबर, मध्ये ॲट-चं चिन्ह. बाबा म्हणाले, "अरे, त्यात अक्षर आहे, आकडा आहे, चिन्ह आहे!"

होतं सगळं. पण भिलाईत निवृत्त माणसाचा क्वार्टर नंबर निम्म्या सेक्टरला पाठ असतो. आणि बँकेचा पासवर्ड बदलण्याची लिंक त्याच ईमेलवर येते. म्हणजे ईमेल गेलं की पेन्शनच्या खात्याचं दारही किलकिलं झालं.

अक्षर-आकडा-चिन्ह हा नियम अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेच्या 2004 सालच्या सूचनांमधून जगभर पसरला. त्या लिहिणारे बिल बर यांनी 2017 मध्ये त्याबद्दल खेद व्यक्त केला. त्याच वर्षी निस्टनंही भर लांबीवर दिला. कारण नियम पाळताना सगळी माणसं सारखंच करतात: पहिलं अक्षर मोठं, शेवटी सन किंवा एक-दोन-तीन. चोराच्या प्रोग्रॅमला हे ठाऊक असतं.

म्हणून पासवर्ड आपण निवडायचाच नाही, नशिबाला निवडू द्यायचा. अर्नोल्ड राइनहोल्ड यांनी 1995 मध्ये डाइसवेअर नावाची रीत काढली. फासा पाच वेळा टाकायचा आणि 7776 शब्दांच्या यादीतून येईल तो शब्द घ्यायचा. आपण घरचा मराठी शब्दकोश वापरू. पाकिटातल्या जुन्या नोटा काढा. (एटीएमच्या कोऱ्या नकोत, त्यांचे नंबर ओळीनं असतात.) नोटेच्या नंबरातले शेवटचे तीन आकडे म्हणजे पान. तेवढी पानं नसतील तर पुढची नोट. त्या पानावर वरून पहिला ओळखीचा शब्द घ्यायचा. आवडला नाही म्हणून बदलायचा नाही! असे सहा.

बाबांना समजा आले: कंदील, फडताळ, मुंगूस, ओसरी, जायफळ, शेंदूर. आता लक्षात कसं ठेवायचं? कंदील घेऊन फडताळात मुंगूस शोधलं, तर ते ओसरीवर जायफळ खात बसलेलं, कपाळाला शेंदूर. एकदा हसलात की विसरणार नाही. (हा पासवर्ड मात्र आता छापला गेला, तो घेऊ नका.)

हिशेब बघा. समजा चोरानं पासवर्डची फाइल पळवली आणि तो सेकंदाला शंभर कोटी अंदाज करतो. इंग्रजी लहान लिपीतल्या आठ अक्षरांच्या सगळ्या जोड्या तो साडेतीन मिनिटांत संपवेल. हजार पानांच्या कोशातले सहा शब्द संपवायला त्याला एकतीस वर्षं लागतील, आणि तेही तुमची रीत आणि कोश दोन्ही त्याला माहीत असताना. मराठी चोराला कळत नाही म्हणून आपण सुरक्षित, असं मात्र समजू नका. रोमन लिपीतले मराठी शब्द त्याच्या यादीतही असतात. जोर आहे तो नशिबानं निवडण्यात.

अडचण आली ती भलतीकडेच. बाबांनी शेंदूर एकदा 'यू'नं लिहिला, एकदा दोन 'ओ'नं. पडद्यावर नुसते ठिपके, चूक दिसणार कशी? 'व'ला व्ही की डब्ल्यू, हेही आधीच ठरवून घ्या.

आता प्रत्येक साइटसाठी सहा शब्द कोण पाठ करणार? कोणीच नाही. एक वाक्य ईमेलला, दुसरं पासवर्ड मॅनेजरला. बाकीचे वेडेवाकडे पासवर्ड मॅनेजरच बनवेल आणि सांभाळेल. लांब पासवर्ड न घेणाऱ्या बँकांचाही प्रश्न तिथेच सुटतो. आणि ईमेलला दोन टप्प्यांची पडताळणी लावा.

बाबांनी दोन्ही वाक्यं कागदावर लिहून आईच्या गोदरेजच्या कपाटात, मृत्युपत्राच्या पाकिटात ठेवली. भाऊ म्हणाला, कागदावर नको. मी म्हटलं, राहू दे. इंटरनेटवरचा चोर आईचं कपाट उघडायला येत नाही, आणि उद्या गरज पडली तर आईला ते सापडायला हवं.