आडनाव आणि अध्यापिकेचा अधिकार

व्याख्यानमालेचे पत्रक हाती पडले की आपण आधी विषय वाचतो आणि लगोलग वक्त्याचे आडनाव पाहतो. अंधेरी असो, मुलुंड असो, बोरिवली असो, परिपाठ एकच. वक्ता बोलावयास उभा राहण्यापूर्वीच त्याच्या अधिकाराचा अर्धा निवाडा झालेला असतो. तासाभराच्या पाहुण्याला हे चालून जाते. परंतु ज्या बाईंना वर्षानुवर्षे रोज वर्गावर जावयाचे असते, त्यांच्या वाट्याला काय येते, याचा येथे आम्ही विचार करणार आहोत.

कुमुद पावडे यांचा जन्म 1938 चा, नागपूरच्या महार कुटुंबातला. माहेरचे आडनाव सोमकुवर. शाळेत गोखले गुरुजींनी त्यांना मनापासून संस्कृत शिकविले. एम. ए. च्या वर्गात मात्र विभागप्रमुखांस ही विद्यार्थिनी नको होती, आणि आपली नापसंती ते लपवीतही नसत. पदवी मिळाली, तरी पुढे दोन वर्षे नोकरी नाही. आता संस्कृतही हेच लोक शिकविणार काय, असे टोमणे मुलाखतीच्या दारात ऐकावे लागले. मग त्यांचा आंतरजातीय विवाह झाला, सोमकुवरच्या त्या पावडे झाल्या, आणि दोनच महिन्यांत सरकारी महाविद्यालयात अध्यापनाची जागा मिळाली! पदवी तीच, व्यासंग तोच. बदलले ते आडनाव. 'अंतःस्फोट' या 1981 सालच्या पुस्तकात बाईंनी हे श्रेय स्वतःकडे न घेता स्वच्छपणे पावडे या नावाकडे दिले आहे. ज्या भाषेचे दार त्यांच्या जातीला आणि स्त्रीजातीलाही शतकानुशतके बंद होते, तीच त्यांनी आयुष्यभर शिकविली. 2023 साली त्या निवर्तल्या.

हे केवळ आपल्याकडचेच असे कोणी समजू नये. अमेरिकेत हार्वर्डच्या विधि महाविद्यालयात 1990 साली कायमपदावर एकही कृष्णवर्णीय स्त्री नव्हती. तेथील कृष्णवर्णीय प्राध्यापक डेरिक बेल यांनी त्याच्या निषेधार्थ बिनपगारी रजा घेतली. रजा लांबली म्हणून 1992 साली त्यांचीच जागा गेली. लानी ग्विनियर या तेथे कायमपदी आल्या त्या 1998 साली. अशा अध्यापिकांच्या लेखांचा एक जाड ग्रंथ 2012 साली निघाला. त्याच्या नावाचा अर्थच मुळी 'आधीच अपात्र धरलेल्या' असा होतो. विद्यार्थी पदवीची चौकशी करतात, सहकारी गुणवत्तेऐवजी सवलतीचा हिशेब करतात. आपल्या प्राध्यापक-कक्षांत हे सारे वेगळ्या शब्दांत चालते इतकेच. तेथे रंग दिसतो. येथे आडनाव विचारावे लागते, आणि आपण ते किती सहज विचारतो!

आरक्षण आहे ना, असे कोणी म्हणेल. आहे, पण त्याचे गणित पाहावे. केंद्रीय विद्यापीठांत अनुसूचित जातींना शेकडा 15 जागा, म्हणजे क्रमाने सातवी जागा त्यांच्या वाट्याची. अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या 2017 सालच्या निर्णयानुसार ही मोजणी प्रत्येक विभागाची निराळी करावयाची होती. आता संस्कृतसारख्या विभागात सात जागा असतात कोठे? सहा जागांच्या विभागात पहिल्या भरतीत ती पाळी येत नाही. देशभर ओरड झाल्यावर 2019 साली संसदेने कायदा करून संपूर्ण संस्था हेच मोजणीचे एकक ठरविले. तो कायदा केंद्रीय संस्थांपुरता आहे. आपल्या उपनगरांतील कित्येक महाविद्यालये तर भाषिक अल्पसंख्याकांची आहेत, आणि अशा संस्थांवर अध्यापकभरतीत आरक्षणाचे बंधन नाही. तेथे सारा भार निवड-समितीच्या मनावर; आणि समितीपुढे अर्ज येतो तो आडनावासकट.