थिबा राजाची माणके आणि आपला नीलम

शाळेची सहल रत्नागिरीला गेली की थिबा राजवाडा पाहिल्याशिवाय परतत नाही. उंचावरची ती लाल वास्तू, समोर दिसणारी खाडी आणि पलीकडचा समुद्र पाहून मुले खूश होतात. पण त्या वास्तूत राहिलेला राजा खूश नव्हता. १८८५ च्या नोव्हेंबरात इंग्रजांनी ब्रह्मदेशाची राजधानी मंडाले घेतली, थिबा राजाला पदच्युत केले आणि एप्रिल १८८६ मध्ये राणी व मुलींसह रत्नागिरीला आणून ठेवले. आज आपण पाहतो तो राजवाडा १९१० साली बांधून झाला. त्यानंतर सहाच वर्षांनी, डिसेंबर १९१६ मध्ये, राजा रत्नागिरीतच वारला.

हा राजा कोणत्या देशाचा होता, ते ध्यानात घ्या. ब्रह्मदेशातील मोगोकच्या खाणी म्हणजे जगातल्या सर्वोत्तम माणकांचे आगर. तेथे नीलमही सापडतात. ठराविक किमतीवरचा खडा निघाला की तो राजाचा, असा तिथला कायदा होता. साहजिकच थिबा रत्नागिरीत आला तेव्हा त्याच्याजवळ राजघराण्यातली रत्ने होती. सरकारी तनखा पुरेना, कर्ज वाढू लागले, तेव्हा ही रत्ने एकेक करून विकली जाऊ लागली. विकणारा अडलेला आणि गावात घेणारे मोजके. अशा वेळी भाव कोण ठरवतो, हे तुम्हीच ताडा. राजाची थोरली मुलगी पुढे रत्नागिरीतच राहिली आणि १९४७ साली अत्यंत गरिबीत वारली. रत्नांच्या खाणींचा धनी असलेल्या घराण्याला रत्ने एक पिढीही पुरली नाहीत.

ही जुनी गोष्ट आज सांगण्याचे कारण आहे. समजा, तुमचे आजोबा नुकतेच निवृत्त झाले आहेत आणि त्यांच्या हाती फंडाचे पैसे आले आहेत. एक ओळखीचे गृहस्थ घरी येतात आणि म्हणतात, “काका, बँकेत पैसे ठेवून काय मिळते? हा नीलम घ्या. सर्टिफाइड आहे, प्रयोगशाळेचा कागद सोबत आहे. दहा वर्षांत दामदुप्पट!” आजोबा तुमच्याकडे पाहतात, कारण घरात विज्ञान शिकणारे तुम्ही! काय उत्तर द्याल? या लेखात त्या उत्तराची तयारी करू.

कुरुंदाची भावंडे

प्रथम नीलम म्हणजे काय ते पाहू. धार लावण्याच्या दगडात वापरतात तो कुरुंद तुम्हाला ऐकून माहीत असेल. नीलम हा कुरुंदच! ॲल्युमिनियमचे दोन आणि ऑक्सिजनचे तीन अणू या प्रमाणात तो बनतो. शुद्ध कुरुंद बिनरंगी असतो. त्यात किंचित क्रोमियम शिरले की तो लाल होतो, आणि त्याला आपण माणिक म्हणतो. लोह आणि टायटॅनियम या दोघांचे अल्प अंश शिरले की निळा नीलम तयार होतो. प्रकाश पडला म्हणजे या दोन धातूंच्या अणूंमध्ये इलेक्ट्रॉनची देवघेव होते, त्यात पिवळा व तांबडा प्रकाश शोषला जातो आणि उरलेला निळा आपल्या डोळ्यांपर्यंत पोचतो. बाजारात पुष्कराज म्हणून जे पिवळे खडे मिळतात, त्यांतलेही बरेच कुरुंदच असतात.

गंमत अशी की रत्नागिरीच्या ज्या जांभ्या दगडावर तुम्ही उभे असता, त्यातही ॲल्युमिनियम व ऑक्सिजन आहेतच. फरक इतकाच की जांभ्यात त्यांच्याबरोबर पाणी, भरपूर लोह आणि माती असते, तर नीलमात अणूंची रांग शिस्तीने लागलेली असते. या शिस्तीमुळेच कुरुंदाचे काठिण्य ९ आहे. निसर्गातील खनिजांत त्याहून कठीण म्हणजे १० काठिण्याचा हिरा.

प्रयोगशाळा काय तपासते?

खडा प्रयोगशाळेत गेला की त्याला क्रमाने प्रश्न विचारले जातात.

पहिला प्रश्न : हा नीलम आहे काय? येथे तुमचा मित्र आर्किमिडीज मदतीला येतो. खड्याचे हवेत वजन करा, मग पाण्यात बुडवून करा. हवेतले वजन २.०० ग्रॅम आणि पाण्यातले १.५० ग्रॅम भरले, तर घट ०.५० ग्रॅम. २.०० ला ०.५० ने भागले की विशिष्ट गुरुत्व आले ४.००. ते कुरुंदाचे! गारगोटीचे ते २.६५ असते. घरी नीलम नसला तरी हरकत नाही. एखादी मोठीशी स्वच्छ गारगोटी घेऊन शाळेच्या तराजूवर हा प्रयोग करा आणि उत्तर २.६५ च्या किती जवळ येते ते पाहा. याखेरीज वक्रीभवनांक (तुमच्या पुस्तकातला अपवर्तनांक) मोजतात. नीलमाचा तो १.७६ ते १.७७ असतो. काचेचा निळा तुकडा या दोन परीक्षांत सहसा टिकत नाही.

दुसरा प्रश्न : हा खाणीतला आहे, की कारखान्यातला? १८८६ च्या सुमारास, म्हणजे थिबा रत्नागिरीत पाऊल ठेवत होता त्याच वेळी, पॅरिसच्या रत्नबाजारात जिनिव्हाहून आलेल्या माणकांनी खळबळ उडवली होती. ती कृत्रिम निघाली. पुढे १९०२ साली ऑग्युस्त व्हर्नेय या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने ॲल्युमिनियम ऑक्साइडची भुकटी सुमारे २,००० अंश सेल्सिअसच्या वर तापलेल्या ज्योतीतून खाली सोडून काही तासांत माणकाची कांडी वाढवण्याची रीत जाहीर केली. १९१० च्या सुमारास याच रीतीने नीलमही बनू लागला. आजोबांच्या जुन्या चावीच्या घड्याळावर ‘१७ ज्युवेल्स’ असे लिहिलेले असेल, तर ती ‘रत्ने’ याच जातीची कृत्रिम माणके आहेत!

कृत्रिम नीलम खोटा नव्हे. त्याचे विशिष्ट गुरुत्व, काठिण्य, वक्रीभवनांक सगळे नैसर्गिक नीलमासारखेच असते. म्हणून वरची तराजूची परीक्षा येथे हरते. मग सूक्ष्मदर्शक पुढे येतो. खाणीतल्या खड्यात रंगाचे पट्टे सरळ किंवा कोनात वळलेले असतात, आणि आत रूटाइल नावाच्या खनिजाच्या रेशमासारख्या बारीक सुया सापडतात. ज्योतीत वाढलेल्या खड्यात ग्रामोफोनच्या तबकडीवरील रेघांसारख्या वक्र रेषा आणि वायूचे बुडबुडे दिसतात. ज्याला आपण डाग म्हणतो, तोच खड्याच्या जन्माचा दाखला असतो.

तिसरा प्रश्न : यावर काही प्रक्रिया केली आहे काय? श्रीलंकेत ‘गेउडा’ नावाचे दुधाळ, फिके खडे पूर्वी कवडीमोल समजत. १९७० नंतरच्या दशकात थायलंडच्या कारागिरांनी ते दीड हजार अंशांहून अधिक तापवले. आतल्या सुया विरघळल्या, त्यांतले टायटॅनियम खड्यात पसरले आणि खडे निळेशार झाले! आज बाजारातले बहुतेक नीलम तापवलेलेच असतात. हे लबाडीचे नाही, पण सांगितले पाहिजे, कारण त्याच प्रतीच्या न तापवलेल्या खड्याला पुष्कळ अधिक किंमत येते. काही नीलमांच्या भेगांत तर कोबाल्टने रंगवलेली काच भरतात. अशा खड्याचे मोल फार कमी.

येथे एक धडा घेण्याजोगा आहे. २००१ च्या सुमारास नारिंगी छटेचे नीलम बाजारात एकाएकी पुष्कळ दिसू लागले. ते बेरिलियम आत मुरवून रंगवलेले आहेत, हे कळायला प्रयोगशाळांना काही काळ लागला. बेरिलियमचा अणू इतका हलका की नेहमीच्या उपकरणांना तो दिसतच नव्हता. म्हणजे कागदावरचे मत हे त्या दिवशीच्या ज्ञानापुरते असते. जुना अहवाल असेल तर खडा पुन्हा तपासून घ्यावा.

चौथा प्रश्न : हा कुठला? १८८१ च्या सुमारास काश्मीरच्या पाडर भागात उंच डोंगरावर दरड कोसळली आणि मखमली निळ्या रंगाचे नीलम उघडे पडले. १८८७ पर्यंत तो मुख्य साठा जवळपास संपला. म्हणूनच आज ‘काश्मिरी’ या एका शब्दाने किंमत कितीतरी पट वाढते. प्रयोगशाळा आतल्या सुया, द्रवाचे थेंब आणि अल्पांशातील मूलद्रव्ये पाहून मूळ ठिकाण सांगते. पण ते तज्ज्ञाचे मत असते, वजनासारखे मोजमाप नव्हे. एकाच खड्याबद्दल दोन प्रयोगशाळांचे मत वेगळे पडू शकते.

न विचारलेला प्रश्न

आता पाचवा प्रश्न : हा खडा उद्या विकला तर किती पैसे येतील? संपूर्ण अहवाल चाळा, याचे उत्तर तेथे नाही! नामांकित प्रयोगशाळा रत्न-अहवालात किंमत लिहीत नाहीत. आपल्या देशात मुंबईची जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया आणि जयपूरची पूर्वी जेम टेस्टिंग लॅबोरेटरी या नावाने ओळखली जाणारी प्रयोगशाळा या संस्था १९७० च्या दशकाच्या आरंभापासून हे काम करीत आहेत. खडा काय आहे, एवढेच प्रयोगशाळा सांगते. तो कितीला जाईल, हे गिऱ्हाईक सांगते.

सोन्याशी तुलना करून पाहा. २२ कॅरटचे एक ग्रॅम सोने रत्नागिरीत काय आणि नागपुरात काय, तेच असते. त्याचा भाव रोज वर्तमानपत्रात येतो. नीलमाचे तसे नाही. दोन कॅरटचे, म्हणजे ०.४ ग्रॅमचे, दोन नीलम रंगाने, स्वच्छतेने, पैलूंनी वेगळे आणि म्हणून किमतीनेही वेगळे. त्यांचा रोजचा भाव कोण छापणार? (बरे, सोन्याचा कॅरट शुद्धता सांगतो आणि रत्नांचा कॅरट वजन. ही गल्लत करू नका.)

आता थोडे गणित. समजा, आजोबांनी दुकानातून १,००,००० रुपयांना नीलम घेतला. दुकानदाराचा नफा, भाडे, जाहिरात हे सगळे त्या किमतीत आलेच. दुसऱ्या दिवशी विकायला गेले तर व्यापारी समजा ६०,००० देतो. तेच लाख रुपये ७ टक्के चक्रवाढीने बँकेत ठेवले तर १० वर्षांनी सुमारे १,९६,७०० होतील. नीलमाने बँकेला गाठायचे तर ६०,००० चे १,९६,७०० झाले पाहिजेत. म्हणजे व्यापाऱ्याचा भाव दहा वर्षे दरसाल सुमारे १२.६ टक्क्यांनी वाढत राहिला पाहिजे! शिवाय मधल्या काळात खडा एक पैसाही व्याज देत नाही. उत्तम, दुर्मिळ नीलमांचे भाव खरोखर वाढले आहेत, हे खरे. पण ते खडे थोडे, आणि ते ओळखणारे व विकत घेणारेही थोडे.

म्हणून आजोबांना असे सांगा. नीलम आवडला, त्याचा रंग पाहून मन प्रसन्न होत असेल, तर परवडेल एवढ्याच पैशांत हौसेने घ्यावा. शनीसाठी म्हणून घ्यायचा असेल, तर खड्याने ग्रहदशा पालटते याला विज्ञानात काही आधार नाही. घेतलाच तर अहवालाचा क्रमांक प्रयोगशाळेकडे ताडून पाहावा, खड्याचे वजन व मापे अहवालातल्याशी जुळवावीत, ‘प्रक्रिया’ या शीर्षकाखाली काय लिहिले आहे ते वाचावे, पक्की पावती घ्यावी. आणि विकणाऱ्याला एकच प्रश्न विचारावा : “पुढच्या वर्षी हाच खडा तुम्ही मला कितीला परत घ्याल? लिहून द्याल?” त्या प्रश्नानंतर ते गृहस्थ काय म्हणतात, इकडे नीट लक्ष द्या.

पावतीचे महत्त्व थिबा राजाइतके कोणाला कळणार? मंडालेहून निघताना आपले ‘ङा मौक’ नावाचे प्रसिद्ध माणिक आपण इंग्रज अधिकारी कर्नल स्लेडन याच्याकडे सांभाळायला दिले आणि ते परत मिळालेच नाही, अशी त्याची तक्रार होती. ते माणिक आजतागायत सापडलेले नाही. पुढच्या सहलीत त्या राजवाड्याच्या सज्जात उभे राहाल, तेव्हा समुद्राकडे पाहून घ्या, आणि पायाखालच्या जांभ्याकडेही पाहा. ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजन दोन्हीकडे तेच आहेत. जांभ्याने मात्र कोणाला दामदुप्पट देण्याचे वचन दिलेले नाही, आणि त्याच्या भिंती शंभर वर्षे घर सांभाळतात.