जोतं किती उंच, बॉस?

वीकएंड होम! नुसता शब्द ऐकला तरी डोळ्यांसमोर काय काय येतं... धुकं, डेकवरची वेताची खुर्ची, वाफाळता चहा. लंच टेबलवर होम लोनच्या गप्पा निघाल्या की हल्ली कुणीतरी मोबाइल पुढे सरकवतंच, "हे बघ, आमचं घर. मीच डिझाइन केलंय!" थ्रीडी मॉडेल एकदम झक्कास. सोफ्याचा रंग ठरलेला, किचनची टाइल ठरलेली. घराची फरशी जमिनीपासून किती वर येणार, एवढंच विचारून बघा. शांतता!

माझ्या एका मैत्रिणीने आणि तिच्या नवऱ्याने मुळशीच्या पुढे, ताम्हिणीच्या वाटेवर पाच गुंठे घेतलेत. एजंटने 'जवळजवळ सपाट' म्हणून विकलेले. सह्याद्रीत 'जवळजवळ' या शब्दाला काय किंमत असते ते पुढे येईलच. नावाला वीकएंड होम, पण तिथे कायमचे राहायला जाणार आहेत तिचे बाबा. वय 68, एका गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. त्यामुळे फरशीची उंची हा इथे नुसता ड्रॉइंगमधला आकडा नव्हता.

मैत्रिणीने घर काढलं होतं 'होम डिझायनर प्रो'मध्ये. घर सुंदर. मग तिने त्याच्याखाली जमीन, म्हणजे सॉफ्टवेअरच्या भाषेत 'टेरेन', टाकली आणि चढाच्या बाजूच्या बेडरूममधून चक्क हिरवळ वर आली! पलंगाचे पाय गवतात. आम्ही पोट धरून हसलो, पण ही काही सॉफ्टवेअरची गडबड नव्हती. उलट पहिल्यांदाच ते खरं बोलत होतं.

गंमत अशी आहे की बहुतेक होम डिझाइन सॉफ्टवेअरमध्ये तळमजल्याची फरशी म्हणजे शून्य. तुम्ही उंची बदलता तेव्हा घर हलत नाही, त्याच्याखालची जमीन वर-खाली सरकते. साइटवर नेमकं उलटं. तिथे जमीन कुणासाठी हलत नाही, जेसीबी लावला तरच हलते आणि त्याचं बिल येतं. होम डिझायनर प्रोमध्ये टेरेनच्या सेटिंगमध्ये यासाठी 'बिल्डिंग पॅड'चा आकडा असतो. तो 'ऑटो'वर असेल तर सॉफ्टवेअर स्वतःच ठरवून मोकळं होतं. शेजारीच 'फ्लॅटन पॅड' नावाची टिक आहे. ती केली की घराखालची जमीन एका क्लिकमध्ये सपाट! स्केचअपमध्ये हेच काम 'स्टॅम्प' नावाचं टूल करतं. फुकट मिळणाऱ्या स्वीट होम थ्रीडीत तर जमीन मुळातच सपाट असते. यात चूक कुणाचीच नाही. ती सपाट जागा प्रत्यक्षात कोण, किती पैशांत करणार, एवढंच स्क्रीनवर दिसत नाही.

मग खरे आकडे हवेत. ते गूगलच्या नकाशावरून काढू नका, प्लीज. उपग्रहांवरून मिळणारी उंचीची मोफत माहिती बहुतेकदा 30 मीटरच्या चौकोनांची असते. असा एक चौकोन 900 चौरस मीटरचा आणि पाच गुंठे म्हणजे जेमतेम 506 चौरस मीटर. अख्खा प्लॉट एका ठिपक्यात गडप. सर्व्हेअर बोलवा. ते जमत नसेल तर गवंड्याकडची पाणी भरलेली पारदर्शक नळी चार कोपऱ्यांवर फिरवा. शेकडो वर्षांचं तंत्र, बॅटरी लागत नाही.

इथे सर्व्हेअर आला. त्याने बांधाजवळच्या एका मोठ्या दगडावर लाल रंगाने खूण केली आणि तिला 100 फूट म्हटलं. बाकी सगळं त्या हिशोबात. घर 40 फूट लांब, 25 फूट रुंद. चढाकडच्या बाजूची जमीन निघाली 103, उताराकडची 98. सपाट प्लॉटवर घराच्या लांबीत पाच फुटांचा उतार!

आता प्रश्न फरशीचा. नॅशनल बिल्डिंग कोड सांगतो की जोतं आजूबाजूच्या जमिनीपासून किमान 45 सेंटीमीटर, म्हणजे साधारण दीड फूट वर हवं. जमीन तिरकी असेल तर मोजायचं सगळ्यात उंच कोपऱ्यापासून. म्हणजे फरशी 104.5 वर. पण मग उताराकडे जोतं साडेसहा फूट उंच, सहा इंचांच्या तेरा पायऱ्या आणि पोटात सरासरी चार फूट भराव. 1,000 चौरस फुटांवर चार फूट म्हणजे 40 ब्रास मुरूम. मैत्रिणीच्या नवऱ्याचा चेहरा तिथेच उतरला.

त्याने लगेच दुसरा मार्ग काढला. मधली लेव्हल घ्यायची, 100.5. चढाकडची माती काढून उताराकडे टाकायची, बाहेरून काही आणायलाच नको. मॉडेलमध्ये हे इतकं छान दिसलं की दोघांनी टाळ्याच दिल्या. फक्त पायऱ्या पाच!

बाबा इतका वेळ पेपर वाचत होते. त्यांनी विचारलं, "मागच्या बाजूला जमीन फरशीपेक्षा अडीच फूट वर राहील. जुलैमध्ये डोंगराचं पाणी कुठे जाणार? माझ्या उशाशी?"

सगळे गप्प. त्यांचं बालपण कोकणातल्या घरातलं, मागच्या दारी चर खणायचा हे त्यांना शिकवावं लागलं नव्हतं. ताम्हिणीचा पाऊस म्हणजे गंमत नाही. चढाकडची भिंत धरणासारखी पाणी अडवून उभी राहणार. ती वाचवायची तर संरक्षक भिंत, वॉटरप्रूफिंग, चर, सगळं आलं. वाचवलेला मुरूम तिकडे खर्च. "माझ्या गुडघ्यांसाठी घर खड्ड्यात घालू नका," असंही ते म्हणाले. मुलगी थोडी चिडलीच, कारण ती नेमकं त्यांच्यासाठीच पायऱ्या मोजत होती.

शेवटी घराचे दोन तुकडे करायचं ठरलं. उताराकडचं अर्धं घर 102 वर, चढाकडचं 104.5 वर, मधे आतल्या आत पाच पायऱ्या. दोन्ही भागांत उंच बाजूला दीड फुटाचं जोतं राहतं आणि भराव 40 वरून साडेसत्तावीस ब्रासवर येतो. सॉफ्टवेअरमध्ये यासाठी 'फ्लॅटन पॅड'ची टिक काढायची आणि खोल्यांना फरशीची वेगवेगळी उंची द्यायची. आणि हो, ही उंची लादीच्या खालच्या थराची की वरच्या पृष्ठभागाची, ते आधी तपासा. लादी आणि तिच्याखालचा माल मिळून दोन-तीन इंच सहज खातात. मग दार घासतं आणि सगळे सुताराला बोलतात.

बाबांची खोली, बाथरूम, किचन आणि हॉल खालच्या भागात. वरच्या बेडरूम तरुण गुडघ्यांसाठी. पार्किंगपासून आत जायला आठ पायऱ्या उरल्या. रॅम्प करायचा तर एकास बारा या प्रमाणात चार फुटांसाठी 48 फूट लांबी लागते (साडेसहा फुटांसाठी 78 लागली असती). तो घराच्या बाजूने वळवून बसवलाय. डेक मात्र गेला. मैत्रीण अजून त्यावर रुसून आहे, पण जागा तेवढीच होती.

लाल खुणेच्या दगडाभोवती आता काटेरी तार बांधलीय. मुरमाचे ट्रक येणार आहेत आणि ड्रायव्हरने दगड हलवला तर सगळे आकडे पुन्हा पहिल्यापासून. बाबा म्हणाले, पहिल्या ट्रकच्या वेळी मी स्वतः तिथे खुर्ची टाकून बसतो.