घाट आणि घसरता क्लच

निमाडातून गुजरी-मानपूरचा घाट चढून माळव्याच्या पठारावर येणाऱ्या मालमोटारी आम्हां इंदूरकरांच्या नित्य परिचयाच्या आहेत. काही मालक डिझेल-पंपाचे माप वाढवून घेतात. इंजिनाला जोर येतो. क्लच मात्र मूळचाच राहतो.

क्लचची पकड स्प्रिंगांचा दाब, घर्षण आणि प्लेटची त्रिज्या यांवर ठरते. इंजिनाचा जोर त्याहून अधिक झाला की प्लेट घसरते. भरली गाडी वरच्या गियरमध्ये चढावर असता इंजिनाचा आवाज चढतो, वेग मात्र चढत नाही आणि करपल्याचा वास येतो, हे तिचे लक्षण.

खात्रीसाठी गाडी सपाट जागी उभी करून चाकांना दगड लावावेत, हातब्रेक ओढावा. पुढे-मागे कोणी नसावे. वरचा गियर घालून क्लच सावकाश सोडावा. इंजिन बंद पडले तर पकड ठीक. चालूच राहिले तर क्लच घसरतो. ही परीक्षा वारंवार करू नये, प्लेट जळते.

तरी लगेच नवी प्लेट घालण्याची घाई नको. आधी पेडलचा मोकळा खेळ पाहावा; तो नसेल तर क्लच अर्धवट दाबलेलाच राहतो. मग सीलमधून तेल झिरपते का ते पाहावे; सील तसेच ठेवल्यास नवी प्लेटही भिजते. प्लेटची जाडी आणि स्प्रिंगाही ठीक असतील, तर दोष वाढवलेल्या डिझेलचा. पंप मूळ मापावर आणावा, नाहीतर तेवढा जोर पेलणारा क्लच बसवावा.

घाटात हा प्रश्न केवळ पैशाचा राहत नाही. चढावर पकड सुटली की भरली गाडी मागे सरकू पाहते, आणि तिच्या मागे कोणाचा तरी संसार असतो.