चिटणिसाने पाहिलेला सेनापती

जर्मन सेनापती गेओर्ग फॉन फ्रुंड्सबेर्ग याच्याविषयी आपल्याकडे जे थोडेफार लिहिले गेले, त्यात दोन आख्यायिका चुकत नाहीत: १५२१ साली वर्म्सच्या सभागृहात शिरणाऱ्या लूथरच्या खांद्यावर हात ठेवून त्याने दिलेला धीर, आणि पोपच्या गळ्यासाठी त्याने बाळगलेला म्हणे सोन्याचा फास. या दोहोंवर लेखणी झिजविणाऱ्या आमच्या विद्वान मित्रांना फौजेला तलब कोण देत होता हा प्रश्न क्षुद्र वाटतो. मला तो गेली तीस वर्षे छळीत आला आहे.

१४७३ साली मिंडेलहाइमच्या गढीत झालेला जन्म, १४९९ चे स्विसांशी युद्ध, १५०४ मध्ये राजा माक्सिमिलियानाकडून मिळालेली सरदारकी आणि त्यानंतर व्हेनिसविरुद्धच्या मोहिमांची लांबण, हे सारे कोणत्याही कोशात सापडेल. मी ते उगाळीत नाही.

परंतु त्याच्या भालाइतांची, म्हणजे लांड्सक्नेख्टांची, भरती पाहण्यासारखी असे. कुऱ्हाडीच्या फाळाचे दोन भाले जमिनीत रोवून त्यांवर लांब भाला आडवा टाकीत, आणि त्या कमानीखालून एकेक शिपाई जात असता त्याची हत्यारे तपासून नाव पटावर चढवीत. साध्या शिपायास महिन्याला चार गुल्डेन, आणि पहिल्या फळीत उभ्या राहणाऱ्या अनुभवी गड्यास दुप्पट. उसन्या चिलखतावर हजिरी देणारे आणि मेलेल्यांची नावे पटावर जिवंत ठेवून तलब उचलणारे नायकही होतेच. आपल्या फडांतील चेहरेपट्ट्या ज्याने चाळल्या आहेत त्याला याचे नवल वाटणार नाही. हा परिच्छेद मी पूर्वी एका अंकास धाडला असता संपादकांनी तो गाळून त्या जागी घोड्यावर बसलेल्या भलत्याच कोणा वीराचे चित्र छापले होते.

२७ एप्रिल १५२२ रोजी मिलानजवळ बिकोका येथे स्विस पथके खंदकामागच्या बंदुकांवर चालून गेली, ती केवळ शौर्यापायी नव्हे. त्यांची तलब थकली होती; ‘पैसा द्या, रजा द्या, नाही तर लढाई द्या’ असा तगादा त्यांनी फ्रेंच सेनापतीच्या मागे लावला होता. तीनएक हजार माणसे फ्रुंड्सबेर्गच्या भाल्यांपुढे व स्पॅनिश गोळ्यांपुढे पडली. पुढे २४ फेब्रुवारी १५२५ ला पाविया येथे फ्रान्सचा राजा कैद झाला, त्यापूर्वी बादशहा पाचवा चार्ल्स याच्या सेनानींनी लढाईची घाई केली तीही खजिना रिकामा असल्यामुळेच. थकबाकीचे हे शस्त्र दोनदा फ्रुंड्सबेर्गच्या पथ्यावर पडले.

तिसऱ्या वेळी ते उलटले. १५२६ च्या शरदात बादशहाकडून पुरेसा पैसा येईना, तेव्हा फ्रुंड्सबेर्गने घरची चांदीची भांडी व पत्नीचे दागिने विकले, कर्ज काढले आणि सुमारे बारा हजार माणसे घेऊन नोव्हेंबरात आल्प्स ओलांडला. मार्च १५२७ मध्ये बोलोन्याच्या परिसरात चिखलात, पावसात, रिकाम्या पोटी उभी असलेली फौज त्याच्याकडे पैसा मागू लागली. ज्यांना तो ‘मुलांनो’ म्हणून हाक मारी त्यांनीच भाले त्याच्यावर रोखले, आणि तो वृद्ध पुरुष पक्षाघाताने एका ढोलावर कोसळला. हे वर्णन त्याचा चिटणीस आडाम राइस्नर याने केले आहे; त्याचा ग्रंथ १५६८ साली फ्रँकफुर्टास छापला गेला. सेनापतीपाशी बसून कागद लिहिणाऱ्या माणसाचे हे चरित्र असल्यामुळेच त्यात पैशाची ओढाताण दिसते, आणि आमचे मित्र नेमकी तीच पाने उलटून पुढे जातात.

६ मे रोजी त्याच्या फौजेने रोम लुटून आपली तलब वसूल करून घेतली, तेव्हा तो फेरारात अंथरुणाला खिळलेला होता. २० ऑगस्ट १५२८ रोजी मिंडेलहाइमला, घरी पोहोचल्यानंतर थोड्याच दिवसांत, तो गेला. त्याचा मुलगा मेल्खिओर त्या फौजेबरोबर रोमास राहिला होता. त्याला त्याच वर्षी तेथेच मूठमाती मिळाली.