नारळ उभा राहतो तेव्हा

पारनेर-पाथर्डीच्या पट्ट्यात बोअर घ्यायचं ठरलं की आधी पाणाड्याला निरोप जातो. तो चपला काढतो, तळहातावर नारळ आडवा ठेवतो, शेंडी बोटांकडे, आणि रान तुडवत चालू लागतो. मध्येच एका जागी नारळ हलतो, डुलतो, शेंडी वर करून उभा राहतो. ‘इथं मारा!’ बघणाऱ्यांच्या अंगावर काटा येतो. पाणाड्याच्याही येतो, आणि खरी गंमत तीच. कारण बहुतेक वेळा तो ढोंग करत नसतो.

ढोंग नसतानाही हात कसा फसवतो, हे बघायला आता एकदम अमेरिकेत, डेट्रॉइटला. स्नायूंचा जोर हाताने दाबून अजमावायची रीत बोस्टनच्या रॉबर्ट लोव्हेट यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पोलिओच्या रुग्णांसाठी बसवली होती. १९६४मध्ये जॉर्ज गुडहार्ट या मणक्यांवर उपचार करणाऱ्या कायरोप्रॅक्टरने तिला भलतंच काम दिलं: स्नायूला विचारून आजार ओळखायचा. पुढे तर एका मुठीत साखर किंवा औषधाची बाटली धरायची, दुसरा हात ताठ पसरायचा आणि वैद्याने तो खाली दाबायचा, इथवर मजल गेली. हात टिकला तर पदार्थ मानवतो, पडला तर बाधतो! १९८८मध्ये तीन मुरलेल्या परीक्षकांनी अकरा जणांच्या एकाच गटाची जीवनसत्त्वं आणि जस्त अशा रीतीने तपासलं. तिघांची उत्तरं ना एकमेकांशी जुळली, ना प्रयोगशाळेशी.

मग हात पडतो कसा? दोऱ्याला अंगठी बांधा, कोपर टेबलावर टेका, हात हलवायचा नाही असं ठरवा आणि मनात नुसतं ‘गोल, गोल’ म्हणा. थोड्या वेळात अंगठी फिरू लागते. मला तर पहिल्यांदा घामच फुटला होता. मनातली कल्पना आपल्या नकळत स्नायूंत उतरते, हे विल्यम कार्पेंटर यांनी १८५२मध्ये मांडलं. दाबणाऱ्याला उत्तर आधीच ठाऊक असेल, तर त्याचा जोर कणभर वाढतो. नारळाला तर तेवढंही लागत नाही. बोटं जराशी वळली की पुरे.

तरी पाणाड्याचे काही बोअर लागतातच. इथल्या काळ्या पाषाणात पाणी भेगांत आणि मुरमात साठतं, तेव्हा नशीबही असतंच. पण त्याची नजरही जन्मभर रानात मुरलेली असते. उंबर, वारूळ, ओढ्याचं वळण. वराहमिहिराने बृहत्संहितेत भूजलावरच्या प्रकरणात झाडं आणि वारुळंच तर नोंदली आहेत. पाणाड्या ते बघतो आणि बघितल्याचं विसरतो. मी पाहिलेला नारळ उभा राहिला, तेव्हा उंबर पंधरा पावलांवर होता.